मालाच्या पारड्यातले वजन

गेल्या दिवाळीत, वहीपूजनाला दोन दिवस असताना, बार्शीहून धाकट्या भावाचा फोन आला. "अक्का, यंदा दुकानाची सगळी खाती संगणकावर चढवली. नातीने आठवडाभर बसून काम केलं. पण एक ओळ कुठेच बसत नाही. आप्पांची ओळ. तिचं काय करू?"

कोणती ओळ, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आमच्या घरात आप्पांची ओळ एकच. दरवर्षी नव्या वहीत पहिल्या पानांतच ती उतरवली जाई. आप्पा होते तोवर त्यांच्या हाताने, पुढे भावाच्या हाताने. 'नाव ठाऊक नसलेल्या बाई. जमा. तूरडाळ २०० ग्रॅम.' इतकीच. भाऊ ती उतरवत आला, कारण आप्पा उतरवत असत. तिच्यामागची हकिगत घडली तेव्हा तो पाळण्यात होता. ती ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे. मी त्याला म्हटले, "पुसू नकोस. मी येते."

हकिगत तराजूची आहे, म्हणून आधी वजनांविषयी थोडे सांगते. उभी हयात गणित शिकवण्यात गेल्यामुळे मला ते टाळताही येणार नाही.

माझ्या अगदी लहानपणी दुकानात शेर, अर्धा शेर, पावशेर, नवटाक आणि छटाक अशी वजने होती. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मे. सोळा छटाकांचा शेर, म्हणून पाच वजनांत एका छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंत काहीही तोलता येई. हे दोनाचे गणित. १९५८ पासून सरकारने दशमान वजने टप्प्याटप्प्याने आणली आणि शेराची जागा किलोने घेतली. पण वजने दोनांची असोत वा दहांची, रीत एकच : एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजने.

आता असे समजा, की वजने दोन्ही पारड्यांत ठेवण्याची मुभा आहे. मग किती वजने लागतील? १, ३, ९ आणि २७ या फक्त चार वजनांत एकपासून चाळीसपर्यंतचे प्रत्येक पूर्ण वजन तोलता येते. दोन किलो हवे असतील तर समोरच्या पारड्यात ३ ठेवा आणि मालाच्या पारड्यात १. पाच हवे तर समोर ९, मालाकडे ३ आणि १. वीस हवे तर समोर २७ आणि ३, मालाकडे ९ आणि १. चाळीसला चारही समोर. हा प्रश्न पिसा नगरीच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२ मध्ये लिहिलेल्या आपल्या 'लिबेर अबाची' या ग्रंथात आहे. त्याचे वडील उत्तर आफ्रिकेतील बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांचे जकातीचे काम पाहत आणि भारतीय अंकांची ओळख त्याला तिथेच झाली. व्यापाऱ्यांच्या सहवासात वाढलेल्या मुलाला हा प्रश्न आवडला यात नवल नाही.

आप्पांना फिबोनाची ठाऊक नव्हता, पण दोन्ही पारड्यांचा हा उपयोग ठाऊक होता. एखादे वजन शिक्का मारून घेण्यासाठी गेले असले की ते तसे तोलत. १०० ग्रॅमचे वजन नसले तर ३०० ग्रॅमसाठी एकीकडे ५०० आणि मालाकडे २००. मात्र असे करताना ते गिऱ्हाइकाला थांबवून दोन्ही वजने दाखवीत आणि हिशेब बोलून सांगत. एकदा मी म्हटले, "एवढं कशाला सांगायचं? हिशेब तर बरोबरच आहे." ते म्हणाले, "मालाच्या पारड्यात वजन दिसलं की माणसाच्या मनात शंका येते. ती काढणं हे तोलणाऱ्याचं काम आहे."

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. दिवाळीची सुट्टी, बाजाराचा दिवस, दुकानात रीघ. आप्पा मालाची पावती सोडवायला स्टेशनवर गेले आणि जाताना मला तराजूजवळ बसवून गेले. कुणीतरी ३०० ग्रॅम मूगडाळ मागितली. मी आप्पांसारखीच ऐटीत दोन्ही पारडी वापरली, मोठ्याने हिशेबही सांगितला. डाळीचा पुडा उचलून दिला, ५०० चे वजन उतरवले आणि २०० चे मालाच्या पारड्यातच राहून गेले. पारड्यात गोणपाटाचा तुकडा अंथरलेला असे, त्याच्या घडीखाली ते सरकले. समोर धडा करून ठेवलेलाच होता, त्यामुळे गोणपाटाची कुणाला शंका येण्याचे कारण नव्हते.

त्यानंतर सणासाठी तूरडाळ नेणारे आले. प्रत्येकाला एकेक किलो हवी होती. किलोचे वजन मी समोरच्या पारड्यात ठेवले ते ठेवलेच. त्यामुळे रिकामा तराजू नेहमी त्याच बाजूला झुकलेला दिसे, आणि मालाकडचे वजन लक्षात यायला वावच नव्हता. सात जणांना मी किलो म्हणून आठशे ग्रॅम डाळ दिली. काटा दर वेळी अगदी मधोमध आला होता.

दिवेलागणीच्या आधी तराजू पुसताना आप्पांच्या हाताला ते वजन लागले. ते रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारले, "हे इथं ठेवल्यानंतर कोणकोण आलं?" मी आठवून आठवून सांगितले. सहा जण गावातलेच होते. सातवी एक बाई, बाहेरगावची, कडेवर मूल घेतलेली. रोख पैसे देऊन गेली होती. नाव विचारण्याचे कारणच पडले नव्हते.

आईने पाने वाढायला घेतली होती. सूर्य मावळायला थोडाच अवधी होता. आप्पांनी पाण्याचा तांब्याही न उचलता दोनशे-दोनशे ग्रॅमचे सहा पुडे बांधले, मला सायकलच्या दांडीवर बसवले आणि निघाले. सहाव्या घरातून बाहेर पडेपर्यंत अंधार झाला होता. त्या रात्री ते जेवले नाहीत. मीही जेवले नाही, पण माझ्याकडे कुणाचे लक्ष नव्हते आणि मलाही ते असावे असे वाटत नव्हते. मला आजही आठवते ते एवढेच, की प्रत्येक दारात ते म्हणाले, "आमच्याकडून तोल कमी गेला." 'मुलीकडून' असे ते एकदाही म्हणाले नाहीत.

सातवा पुडा दुकानाच्या फळीवर राहिला. पुढचे कितीतरी बाजार मी दारात उभी राहून कडेवर मूल असलेली प्रत्येक बाई न्याहाळली. ती पुन्हा आली नाही. किंवा आली असेल, मूल चालत असेल, आणि मी ओळखले नसेल. मुनीमजींनी सुचवले, "एवढ्यासाठी कशाला जीव टांगणीला? पांजरपोळाला देऊन टाका, पुण्य लागेल." आप्पा म्हणाले, "दान आपल्या मालातून करायचं असतं. हा माल आपला नव्हे." डाळ त्यांनी गोणीत परत ओतली आणि वहीत त्या बाईंचे खाते उघडून जमेला ती ओळ लिहिली.

दशलक्षण पर्वात दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचला जातो. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो आणि त्यात अचौर्यव्रताचे अतिचार सांगताना 'हीनाधिकमानोन्मान' हा शब्द येतो : देताना कमी आणि घेताना जास्त भरतील अशी मापे-वजने वापरणे. माझ्या हातून घडले ते जाणूनबुजून नव्हते, हे मला समजत होते. तरीही दरवर्षी त्या शब्दापाशी माझी मान खाली जाई. आप्पा शेजारच्या बाजूला पुरुषांत बसलेले असत. त्यांनी त्या वेळी माझ्याकडे कधी पाहिले नाही, हाही त्यांचा एक उपकार.

पुढे मी गणित घेतले. आप्पांनी मला शिकू दिले, हे त्या काळात लहान नव्हते. शिकवू लागल्यावर महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' हाती आला. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातला, नवव्या शतकातला हा ग्रंथ लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये आमच्या सोलापुरातूनच, जैन संस्कृती संरक्षक संघाने प्रसिद्ध केला होता. त्यात तीनच्या पटींचा एक सुंदर नियम आहे. एक या पूर्ण संख्येचे असे तुकडे करायचे, की प्रत्येकाचा अंश एकच असेल. त्यासाठी छेद एकापासून सुरू करून तिप्पट करत जावे : १, ३, ९, २७. मग पहिल्याला दोनाने आणि शेवटच्याला दोन तृतीयांशाने गुणावे. छेद झाले २, ३, ९, १८. म्हणजे एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक नवमांश आणि एक अष्टादशांश यांची बेरीज बरोबर एक.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आप्पांना हा नियम सांगितला. त्यांनी कागद घेतला नाही. अठरा मुठी डाळ मोजून सुपात घेतली आणि वाटे केले : नऊ, सहा, दोन, एक. सूप रिकामे झाले. ते म्हणाले, "बाकी राहिली नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "पुस्तकात बरं असतं." आम्ही दोघेही त्या ओळीविषयी बोलत होतो, हे दोघांनाही ठाऊक होते.

तीनच्या वाटेने आपले आचार्य याहून खोल गेले होते, हे मला नंतर कळले. वीरसेनाचार्यांच्या 'धवला' टीकेत अर्धच्छेद, त्रिकच्छेद आणि चतुर्थच्छेद अशा संज्ञा येतात. एखादी राशी किती वेळा निम्मी करता येते तो तिचा अर्धच्छेद. तीनाने किती वेळा भागता येते तो त्रिकच्छेद. आजचे गणित याच कल्पनेला लॉगॅरिदम म्हणते. 'धवला'चा पहिला भाग डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून छापून निघाला, तोवर ताडपत्रांवरचे हे धन मूडबिद्रीच्या भांडारातून क्वचितच बाहेर आले होते.

त्रिकच्छेद डोळ्यांनी पाहायचा असेल तर संख्या त्रिमान पद्धतीत लिहावी. दशमानात एकं, दहं, शतं अशी घरे असतात, तशी इथे एक, तीन, नऊ, सत्तावीस, एक्याऐंशी अशी घरे, आणि अंक तीनच : ०, १, २. एक्याऐंशी म्हणजे एकावर चार शून्ये. शून्ये चार, त्रिकच्छेदही चार. चोपन्न लिहिले तर २०००, म्हणजे दोन सत्तावीस. शेवटची शून्ये तीन, म्हणून चोपन्नला तीनाने तीनदाच भाग जातो. आणखी एक गंमत : त्रिमानातल्या अंकांची बेरीज सम असेल तर संख्या सम, विषम असेल तर विषम. कारण १, ३, ९, २७ ही सारी घरे विषम आहेत. म्हणून किती वजने ठेवली एवढेच मोजले, तरी माल सम की विषम ते कळते.

दिवाळीला बार्शीला पोहोचले तेव्हा भावाची नात संगणकापुढे बसली होती. सगळी हकिगत मी तिला सांगितली. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "आत्याआजी, म्हणजे मालाच्या पारड्यातलं वजन हे उणे वजन झालं ना?"

अगदी तसेच. त्रिमानाची एक दुसरी तऱ्हा आहे, तिच्यात अंक ०, १, २ नसून उणे एक, शून्य आणि अधिक एक असतात. वजन समोर ठेवले तर अधिक, मालाकडे ठेवले तर उणे, फळीवरच राहिले तर शून्य. आपल्या वहीच्या भाषेत जमा, नावे आणि निरंक. १९५८ मध्ये मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेन्त्सोव्ह यांनी 'सेतुन' नावाचा संगणक बांधला, तो याच तीन अंकांवर चालत असे.

नातीला मी पंचवीस हा आकडा लिहून दाखवला. साध्या त्रिमानात तो २२१ : दोन नऊ, दोन तीन, एक एक. या पद्धतीत दोन हा अंक आला की त्याच्या जागी उणे एक लिहायचा आणि पुढच्या घरात हातचा एक द्यायचा, कारण दोन म्हणजे तीन उणे एक. असे केले की पंचवीस म्हणजे सत्तावीस, उणे तीन, अधिक एक. आता समजा, बारीक वजने सोडून नऊच्या पटीत ढोबळ तोल करायचा आहे. साध्या पद्धतीत खालची दोन घरे पुसली तर अठरा उरतात; गिऱ्हाइकाचे सात गेले. आणि ही रीत दर वेळी एकाच बाजूचे कापते, कधी दुसऱ्या बाजूचे नाही. जमा-नावेच्या पद्धतीत तीच दोन घरे पुसली तर सत्तावीस उरतात, म्हणजे पंचवीसच्या सर्वांत जवळची नऊची पट. चूक कधी इकडे, कधी तिकडे, आणि चारपेक्षा अधिक कधीच नाही. उण्यालाही अंकाचा मान दिला, म्हणून ही पद्धत कुणाचीच बाजू घेत नाही.

"आणि एकाच मालासाठी दोन निरनिराळ्या मांडण्या झाल्या तर?" तिने विचारले. होत नाहीत. एकाचे वजन सोडले तर बाकी सारी तीनच्या पटीतली. मालाला तीनाने भागून एक उरला तर एकाचे वजन समोरच ठेवावे लागते, दोन उरले तर मालाकडेच, काही न उरले तर फळीवर. तिथे निवड नाही. मग तीनाने भागून पुढच्या घरात तोच न्याय. चार वजनांना प्रत्येकी तीन जागा, म्हणजे एक्याऐंशी मांडण्या. आणि उणे चाळीसपासून अधिक चाळीसपर्यंत शून्य धरून संख्याही एक्याऐंशी. प्रत्येकीची मांडणी एक आणि एकच.

हे सांगता सांगता माझ्याच मनात एक गोष्ट उलगडली. इतकी वर्षे मी समजत होते, की माझी चूक वजन मालाकडे ठेवण्यात होती. ती तिथे नव्हती. उणे वजन हा अप्रामाणिकपणा नव्हे. आप्पा रोज ते ठेवत आणि बोलून दाखवत. चूक ती होती की वजन पारड्यात होते आणि हिशेबात नव्हते. उणे असणे वेगळे, शून्य असणे वेगळे आणि मुळी न लिहिलेले असणे वेगळे.

नातीने शेवटी मुद्द्यावर बोट ठेवले. "नाव नाही, गाव नाही. संगणकाच्या दृष्टीने हे खातं रिकामंच आहे. काढून टाकलं तर ताळेबंदात काही फरक पडणार नाही."

मी तिला म्हटले, "फिबोनाचीच्या ग्रंथाचं साल लिही. १२०२. योगायोगाने त्यात शून्य, एक, दोन हेच अंक आहेत. त्रिमानातली संख्या समजून वाच." तिने मांडले : सत्तावीस, अठरा, शून्य आणि दोन. सत्तेचाळीस. "आता त्यातलं शून्य रिकामं आहे म्हणून काढून टाक." तिने १२२ लिहिले, मांडले आणि थांबली. सतरा. ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. भाऊ दारात उभा होता, त्यानेही पाहिले.

रिकामी जागा राखून ठेवली म्हणूनच बाकीच्या आकड्यांना त्यांची किंमत राहते. आमच्या दुकानावर लोकांनी तीन पिढ्या भरवसा ठेवला, त्या भरवशाच्या रकमेत ती ओळ असे शून्य होती. तिची किंमत दोनशे ग्रॅम डाळ. ती पुसली असती तर वरच्या सगळ्या घरांची किंमत उतरली असती. आप्पांना हे गणिताच्या भाषेत सांगता आले नसते. त्यांनी ते दरवर्षी लिहून ठेवले. त्यांच्या त्या एका ओळीच्या पासंगाला माझे सारे शिकवणे पुरणार नाही.

नातीने खाते उघडले. नावाच्या जागी 'नाव ठाऊक नसलेल्या बाई' असे लिहिले. मालाच्या जागी तूरडाळ, २०० ग्रॅम, जमा. संगणकाने फोन क्रमांक मागितला. ती क्षणभर थबकली आणि तिने तिथे शून्य लिहिले.

ते मूल आता साठीच्या घरात असेल. त्याच्या आईला त्या दिवाळीत डाळ जरा लवकर सरल्यासारखी वाटली असेल आणि तिने स्वतःच्याच हाताला दोष दिला असेल. क्षमावाणीच्या दिवशी मी सर्वांची क्षमा मागते, तेव्हा पहिले नाव तिचे घेते. ते मला ठाऊक नाही, म्हणून तेवढा वेळ गप्प राहते आणि मग पुढच्या नावाकडे वळते.